सकाळी मुंबई, दुपारी दिल्ली, रात्री घरी: एका दिवसात विमानाने जाऊन येणाऱ्या नवख्यांसाठी

मुंबई ते दिल्ली हवेतून साधारण साडेअकराशे किलोमीटर. तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेले असतात, त्यातही विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते पावणेदोन तासांच्या आसपास. पण ठाण्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून दिल्लीतल्या कचेरीच्या दारात पोचेपर्यंत सहा तास सहज जातात. बाकीचे चार तास जमिनीवर जातात: गाडीत, रांगेत, गेटपाशी, बसमध्ये, पुन्हा गाडीत. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर हे चार तास नीट बसवावे लागतात. हवेतले दोन तास वैमानिक बघून घेतो.

नोकरीत पहिल्यांदाच ‘उद्या दिल्लीला जाऊन या’ असं ज्यांना सांगितलं जातं, ज्यांची सुप्रीम कोर्टात तारीख असते, केंद्राच्या मंत्रालयात फाइल अडलेली असते किंवा मुलाखत असते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण मुंबई–दिल्लीचं घेतलं आहे, पण पुणे–दिल्ली, मुंबई–बंगळूर, मुंबई–नागपूर, मुंबई–गोवा यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतात.

‘शटल’ म्हणजे दोन शहरांमध्ये दिवसभर ये-जा करत राहणारी विमानसेवा. ती कशी असते हे आधी सांगतो, कारण त्यावरून बरेच गैरसमज होतात. ब्राझीलमध्ये १९५९ साली रिओ आणि साओ पावलो यांच्यामध्ये विमान कंपन्यांनी मिळून अशी सेवा सुरू केली. तिचं नाव ‘पोंते आएरेया’, म्हणजे हवाई पूल. अमेरिकेत ईस्टर्न एअर लाइन्सने ३० एप्रिल १९६१ रोजी न्यूयॉर्क–बोस्टन आणि न्यूयॉर्क–वॉशिंग्टन शटल सुरू केलं. तिथे आरक्षण लागत नसे. विमानतळावर जायचं, विमानात बसायचं आणि भाडं विमानातच द्यायचं. एक विमान भरलं तर उरलेल्यांसाठी दुसरं आणलं जाई. आपल्याकडे असं काही नाही. मुंबई–दिल्ली मार्गावर दिवसभर इतकी उड्डाणं आहेत की तसा भास होतो, पण तुमची जागा एका ठरावीक उड्डाणावरच असते. ते चुकलं तर पुढच्या विमानाचं भाडं त्या क्षणाचं असतं, आणि ऐन वेळचं भाडं अंगावर येणारं असतं.

पायरी पहिली: विमान खरंच हवं का?

घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा सगळा वेळ कागदावर मांडा. मुंबई–पुण्याला विमानाचा विचारही नको. मुंबई–अहमदाबादला विमान सव्वा तासात जातं आणि वंदे भारतला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. पण दादरला किंवा बोरिवलीला राहणाऱ्या आणि अहमदाबाद स्टेशनजवळच काम असलेल्या माणसाला हिशेब मांडल्यावर फरक दीड-दोन तासांचाच दिसेल. शिवाय गाडीत तो वेळ सलग मिळतो, लॅपटॉप उघडून काम करता येतं. गोव्याला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मात्र विमानच. दिल्ली आणि बंगळूरबद्दल प्रश्नच नाही.

पायरी दुसरी: आधी विमानतळ आणि टर्मिनल, मग वेळ, मग भाडं

नवखे लोक आधी भाडं बघतात. माझा आग्रह आहे की भाडं सगळ्यात शेवटी बघा.

मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ जुना, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा लोकनेते दि. बा. पाटील विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटाच्या ॲपवर ‘मुंबई’ टाकलं की दोन्हीकडची उड्डाणं एकाच यादीत येतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. पनवेल, खारघर, बेलापूरच्या लोकांना नवा विमानतळ वरदान आहे. बोरिवलीच्या माणसाने पाचशे रुपये वाचवायला तिथलं तिकीट काढलं तर टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट जातील. आणखी एक गोष्ट नीट पाहा: जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर, असं तिकीट नकळत निघू शकतं. गाडी पार्किंगला लावून गेला असाल तर रात्री अकराला ती चाळीसेक किलोमीटर दूर असेल.

जुन्या विमानतळाचीही दोन टर्मिनल्स आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल २ अंधेरी-सहारला. दोन्हींतून देशांतर्गत विमानं सुटतात. इंडिगोची उड्डाणं दोन्हीकडून आहेत, त्यामुळे ‘मागच्या वेळी टर्मिनल २ होतं’ यावर विसंबू नका. कॅब बुक करण्यापूर्वी तिकिटावरचं टर्मिनल वाचा, आणि निघण्याच्या आदल्या रात्री कंपनीचा संदेश पुन्हा वाचा, कारण टर्मिनल बदलू शकतं. दिल्लीतही तेच. टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत, पण टर्मिनल १ पार वेगळ्या बाजूला आहे आणि तिथून ३ ला जायला बस किंवा गाडी करावी लागते.

गोव्याला जाणाऱ्यांनी जास्त जपायचं. दाबोळीचा कोड जीओआय, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जीओएक्स. मडगावला काम असेल तर दाबोळी. पेडणे, म्हापसा किंवा सावंतवाडी-बांद्याकडे काम असेल तर मोपा. चुकीच्या टोकाला उतरलात तर अख्खा गोवा ओलांडायला लागतो आणि विमानाने वाचवलेला वेळ रस्त्यावर जातो.

पायरी तिसरी: कुठलं उड्डाण घ्यायचं

सर्वसाधारण नियम असा की दिवसाचं पहिलं उड्डाण सगळ्यात भरवशाचं. पहाटे सहाला सुटणारं विमान बहुतेक वेळा रात्रभर तिथेच उभं असतं. दुपारी चारचं विमान मात्र सकाळपासून तीन-चार शहरं फिरून आलेलं असतं, आणि कुठे अर्धा तास अडकलं की तो अर्धा तास पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतो. संध्याकाळी सातनंतरच्या उड्डाणांना उशीर का होतो, याचं उत्तर बऱ्याचदा सकाळी अकराला दुसऱ्याच शहरात घडलेलं असतं. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर तुमचं विमान आत्ता कुठून येतंय ते दिसतं. गेटवरच्या फलकापेक्षा ते जास्त खरं सांगतं. तुमचं विमान अजून लखनौहून निघालेलंच नसेल, तर फलकावर ‘वेळेवर’ लिहिलेलं असलं तरी ते वेळेवर सुटणार नाही.

या नियमाला मोठा अपवाद म्हणजे दिल्लीची थंडी. मध्य डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत पहाटे दाट धुकं पडतं आणि ते सकाळी नऊ-दहापर्यंत रेंगाळतं. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-३बी ही यंत्रणा आहे. तिच्या मदतीने, प्रशिक्षित वैमानिक आणि सुसज्ज विमान असेल तर, ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं. उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर लागते. त्यामुळे असंही होतं की विमानं उतरतात पण सुटत नाहीत, मग विमान उभं करायला जागा उरत नाही आणि मुंबईहून निघणाऱ्यांना मुंबईतच थांबवून ठेवतात. या दिवसांत दुपारी बारानंतर दिल्लीत उतरणारं विमान घ्या आणि काम दुपारी तीननंतर ठेवा. सकाळी दहाची बैठक टळत नसेल तर सरळ आदल्या संध्याकाळी जा. जानेवारीत पहाटेच्या विमानावर महत्त्वाची मुलाखत टांगून ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

मुंबईची अडचण वेगळी. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. जोराचा पाऊस झाला, एखादं विमान धावपट्टीवर अडकलं, की वरची सगळी विमानं घिरट्या घालू लागतात आणि काही अहमदाबादला किंवा हैदराबादला वळवली जातात. जून ते सप्टेंबर परतीच्या प्रवासात दोन तास हाताशी ठेवा. शिवाय पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर एकेक दिवस देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या उड्डाणांवर गर्दी लोटते.

परतीसाठी शेवटचं उड्डाण घेऊ नका. शेवटून दुसरं किंवा तिसरं घ्या. शेवटचं रद्द झालं तर रात्र विमानतळावर जाते. त्याच्या आधीचं रद्द झालं तर निदान नंतरचं एक शिल्लक असतं. ‘काम लवकर संपलं तर आधीच्या विमानाने येईन’ असा विचार असेल तर तिकीट काढतानाच बदलाचं शुल्क किती ते बघा. सगळ्यात स्वस्त भाड्यात बदल महाग पडतो. थोडं जास्त भाडं देऊन बदलाची मुभा असलेलं तिकीट परतीसाठी घ्यावं आणि जातानाचं साधं घ्यावं. जाणं आणि येणं ही दोन वेगळी तिकिटं काढली तर हे सोपं जातं, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचीही घेता येतात.

पायरी चौथी: तिकिटावरचं नाव

इथे मराठी माणसाला एक खास अडचण येते. आपल्या आधारवर तीन नावं असतात: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तिकिटाच्या अर्जात पहिलं नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी असतात. कोणी मधलं नाव गाळतं, कोणी पहिल्याच चौकटीत दोन्ही टाकतं, कोणी आडनाव आधी लिहितं. लग्नानंतर बँकेत एक नाव, आधारवर माहेरचं आणि कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर तिसरंच, असंही असतं. साध्या ओळखपत्र तपासणीत जवान बहुतेक वेळा मधलं नाव सोडून देतो. डिजियात्राचं, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडण्याच्या सोयीचं, यंत्र सोडत नाही.

म्हणून आधार समोर ठेवा आणि त्यावर इंग्रजीत जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. ट्रॅव्हल डेस्क तिकीट काढत असेल तर त्यांना आधारप्रमाणे नाव एकदा लिहून पाठवा. कंपनीचा जीएसटी क्रमांकही तिकीट काढतानाच टाका, नंतर त्यावरून लेखा विभागाशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

पायरी पाचवी: आदल्या दिवशी

वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांत ४८ तास आधी उघडतं. जाणं-येणं एकाच दिवशी असल्यामुळे दोन्हीचं चेक-इन एकदमच करून टाका. संध्याकाळी दिल्लीच्या रस्त्यावर गाडीत बसून ते करायची वेळ येऊ नये.

जागा निवडताना थोडा विचार करा. मुंबई–दिल्लीला बहुतेक विमानं एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन जागांची असतात. पुढच्या रांगांना जादा पैसे पडतात, कारण तिथून लवकर उतरता येतं. पण हे खरं ठरतं ते एरोब्रिज, म्हणजे विमानाच्या दारापासून टर्मिनलपर्यंतचा बंदिस्त पूल, लागला तरच. विमान लांब उभं करून बसने आणलं, तर पहिला उतरलेला माणूस बसमध्ये उभा राहून शेवटच्याची वाट बघतो. शिवाय अशा वेळी मागचंही दार उघडतात, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन रांगा पुढच्यांइतक्याच लवकर मोकळ्या होतात. अडकतात त्या मधल्या रांगा. म्हणून पैसे द्यायचे नसतील तर अगदी मागची, मधल्या वाटेलगतची जागा घ्या. छोट्या शहरांकडे जाणाऱ्या पंख्यांच्या एटीआर विमानात तर चढ-उताराचं दार मागेच असतं, तिथे मागची जागाच उत्तम. त्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग कधी कधी खाली सामानात द्यावी लागते, तेव्हा लॅपटॉप आणि पॉवर बँक आधी काढून घ्या.

डिजियात्राचं ॲप आदल्या दिवशीच तयार ठेवा. ही सोय १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झाली, आणि आता मुंबई-पुण्यासह बऱ्याच विमानतळांवर आहे. आधारची माहिती भरायची, स्वतःचा फोटो काढायचा आणि प्रत्येक प्रवासाचा बोर्डिंग पास त्यात टाकायचा. मग दारात वेगळ्या फाटकापुढे चेहरा दाखवला की आत. सकाळी सहाच्या सुमारास टर्मिनलच्या दारापाशी जी रांग लागते ती बघितली की याची किंमत कळते. चेहऱ्याची माहिती द्यायला मन धजत नसेल तर ती सक्तीची नाही, साध्या रांगेने जाता येतं, फक्त वीस मिनिटं आधी निघा. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी मूळ ओळखपत्र खिशात हवंच. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काहीही चालतं. आधारची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. एमआधार किंवा डिजिलॉकरमधलं चालतं, पण त्याला मोबाइल चार्ज असावा लागतो.

पायरी सहावी: एकच बॅग

एका दिवसासाठी खाली सामान देऊ नका. चेक-इनच्या रांगेचा आणि उतरल्यावर पट्ट्यापाशी उभं राहण्याचा मिळून तासभर वाचतो. केबिनमध्ये सर्वसाधारणपणे ७ किलोंची एक बॅग आणि त्याशिवाय लॅपटॉपची पिशवी किंवा पर्स नेता येते.

पॉवर बँक नेहमी केबिनच्या बॅगेत. खाली सामानात ती सापडली तर बॅग उघडायला तुम्हाला बोलावतात. कात्री, चाकू, लायटर, काडेपेटी घरी ठेवा. घरचा डबा नेता येतो. पोळी-भाजी, थेपले, लाडू यांना कोणी हरकत घेत नाही. दिल्लीच्या बहिणीला द्यायला लोणच्याची बरणी मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. सुकं खोबरंही नेऊ नका, त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानलं जातं. पाण्याची रिकामी बाटली घ्या, सिक्युरिटीनंतर भरता येते. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर आणि जाकीट अंगावर घाला. मुंबईत अर्धा तास घाम येईल, पण बॅगेत जागा राहील आणि दिल्लीच्या रात्री तुम्ही कुडकुडणार नाही.

पायरी सातवी: पहाटेचा हिशेब

समजा विमान सातचं आहे. गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ६.३५. सामान द्यायचं असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. फक्त हँडबॅग असेल आणि चेक-इन झालेलं असेल तर ५.३० ला टर्मिनलच्या दारात असावं. कंपन्या दोन तास आधी या म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच ऐकावं, आणि सोमवारी सकाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनीच.

मेट्रो ३ ची स्टेशनं दोन्ही टर्मिनल्सना आहेत, पण पहिली गाडी सहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही. लोकल चारच्या सुमारास सुरू होतात. विरारकडच्यांना पार्ले किंवा अंधेरीला उतरून पुढे रिक्षा-टॅक्सी हा स्वस्त आणि बऱ्यापैकी खात्रीचा मार्ग आहे. कॅबने जाणार असाल तर रात्रीच वेळ ठरवून बुक करा, आणि दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी चालक नेमलेला दिसत नसेल तर लगेच दुसरीकडे बघा.

पायरी आठवी: सिक्युरिटी

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त धांदल इथे होते. रांगेत उभे असतानाच तयारी करा. मोबाइल, पाकीट, घड्याळ, किल्ल्या, नाणी, पट्टा हे सगळं ट्रेपाशी पोचण्याआधीच बॅगेच्या एका कप्प्यात टाकून ठेवा. म्हणजे ट्रेमध्ये दोनच गोष्टी जातात: बॅग आणि लॅपटॉप. लॅपटॉप, टॅब, चार्जर आणि पॉवर बँक बॅगेबाहेर काढायला सांगतात. चार्जरच्या वायरींचा गुंता बॅगेत राहिला तर पडद्यावर काही कळत नाही, मग बॅग बाजूच्या पट्ट्यावर जाते आणि तुमचा नंबर येईपर्यंत दहा मिनिटं जातात. वायरी एका पारदर्शक पिशवीत ठेवून ती पिशवीच ट्रेमध्ये ठेवावी. बायकांची अंगतपासणी वेगळ्या रांगेत, पडद्याआड होते. ती रांग बऱ्याचदा लहान असते, त्यामुळे बरोबरच्या पुरुषाआधी तुम्ही पलीकडे पोचाल. तुमचा ट्रे आधीच पुढे गेलेला असतो, त्याच्यावर नजर ठेवा. पलीकडे गेल्यावर दोन पावलं बाजूला व्हा, सगळं मोजून घ्या, मग निघा. लॅपटॉप ट्रेमध्ये विसरणाऱ्यांची संख्या कमी नाही. राखाडी ट्रे आणि राखाडी लॅपटॉप घाईत एकच दिसतात.

आत गेल्यावर थेट गेटपाशी जा, चहा त्यानंतर. मुंबई-दिल्लीसह अनेक विमानतळांवर आता प्रत्येक उड्डाणाची घोषणा होत नाही, त्यामुळे कान देऊन बसण्यात अर्थ नाही, फलक बघत राहा. गेट बदलतं. बसचं गेट असेल तर शेवटची बस सुटली की संपलं, विमान अजून उभं दिसत असलं तरी.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी एवढंच: लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टीचे आणि लढाऊ विमानांचे फोटो काढू नका.

विमान खाली उतरू लागलं की कानांत दडे बसल्यासारखं होतं. गोळी चघळा, घोट घोट पाणी प्या. सर्दी जबरदस्त असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा, कारण तेव्हा कान खरोखर दुखतो.

पायरी नववी: दिल्लीत उतरल्यावर

टर्मिनल ३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो घ्या. २०११ पासून ती चालू आहे आणि सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला पोचवते. तिथून पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालय, म्हणजे मंत्रालयांचा परिसर. कॅनॉट प्लेसला जायचं असेल तर एक स्टेशन आधी, शिवाजी स्टेडियमला उतरा. टर्मिनल १ ला किरमिजी मार्गाचं स्टेशन आहे. तिथून हौज खासला पिवळा मार्ग मिळतो. सुप्रीम कोर्टाचं स्टेशन निळ्या मार्गावर आहे. गुरुग्रामला काम असेल तर कॅब बरी, विमानतळ त्याच बाजूला आहे.

दुपारी जेवायला आणि दोन तास शांत बसायला कुठे जावं, असं विचारलंत तर कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन. उपाहारगृहात आपल्याकडचं जेवण मिळतं आणि आजूबाजूला मराठी ऐकू येतं. परक्या शहरात पहिल्यांदा कामाला आलेल्या माणसाला त्याचा केवढा आधार वाटतो!

परत विमानतळावर जाताना मेट्रोच घ्या. संध्याकाळी पाच ते आठ दिल्लीच्या रस्त्यांवर पंधरा किलोमीटरला दीड तासही लागतो. सातनंतरचं विमान असेल तर साडेचारला काम आटोपतं घ्या, समोरच्याला सकाळीच तसं सांगून ठेवा. त्यात संकोच नको.

पायरी दहावी: विमान रखडलं किंवा रद्द झालं तर

हा भाग वाचून लक्षात ठेवा, कारण काउंटरवर हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी महासंचालनालय, त्याच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त रखडलं, तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावं लागतं. मुंबई–दिल्ली यात बसतं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. रात्री आठ ते पहाटे तीन यांमधलं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर राहण्याची सोयही कंपनीने करायची असते.

विमान वेळेत न कळवता रद्द केलं तर परतावा किंवा दुसरं विमान आणि त्याखेरीज भरपाई. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये आणि दोन तासांवरच्या प्रवासाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झालं तर ही भरपाई मिळत नाही, परतावा मिळतो. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे तुम्हाला बसू दिलं नाही आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर २४ तासांच्या आतल्या विमानासाठी भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, आणि त्यापुढे चौपट, कमाल २०,००० रुपये.

प्रत्यक्षात काय करायचं? रद्द झाल्याचा संदेश आला की रांगेत उभे राहा आणि त्याच वेळी ॲपवरून पुढचं विमान मागा. दोन्हीपैकी जे आधी मिळेल ते घ्या. संदेशाचे आणि फलकाचे फोटो काढून ठेवा. रद्द होण्याचं कारण विचारून ठेवा, शक्य असेल तर लेखी घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. काउंटरवरच्या मुलीवर ओरडून विमान येत नाही. तीही पहाटेपासून उभी असते, आणि शांतपणे नेमकं मागणाऱ्याचं काम ती आधी करते, हे मी अनेकदा बघितलं आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांपायी इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली, तेव्हा ज्यांनी पहिल्या तासाभरात राजधानी किंवा दुसऱ्या कंपनीचं तिकीट शोधलं ते त्या रात्री निघू तरी शकले. विमान हाच एक मार्ग आहे असं धरून बसू नका. मुंबई–दिल्ली राजधानी संध्याकाळी सुटते आणि सकाळी पोचते.

सरकारी नोकरीत असाल तर दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा, प्रवासभत्त्याच्या बिलाला लागतात. मोबाइलवरचा पास उड्डाणानंतर ॲपमधून नाहीसा होऊ शकतो, म्हणून आधीच पीडीएफ स्वतःला मेल करा.

रात्री मुंबईत उतरल्यावर मेट्रो ३ साडेदहाच्या सुमारासपर्यंत मिळते. टर्मिनल २ वरून पुढचंच स्टेशन मरोळ नाका, तिथे घाटकोपर–वर्सोवा मेट्रो बदलता येते. साडेदहानंतर उतरणार असाल तर विमान थांबताच, पट्टा सोडायची परवानगी मिळायच्या आत मोबाइल चालू करून कॅब मागू नका. दारापर्यंत चालत यायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, चालक तोवर थांबत नाही आणि थांबण्याचा आकार तुमच्या बिलात येतो. बाहेर पडायच्या दारापाशी पोचल्यावर मागा.